बिनभुताचं शोकनाटक

आमच्या घरात भूत नाही. हा अनुभव नव्हे, निर्णय आहे. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा भुतंखेतं, ज्योतिष, उतारे असं सगळंच घराबाहेर पडलं. त्यानंतर आमच्याकडे जो मेला तो पूर्णपणे मेला. परत आला नाही. हे आधी सांगायचं कारण असं, की माझ्या वडिलांनी समाजभवनात भुताचं काम केलं, असा समज वस्तीत आजही आहे.

आमची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे. तिथलं नाट्यमंडळ दर हिवाळ्यात एक नाटक करतं. मंडळाच्या बैठका आमच्याच घरी होतात आणि नायक बाबाच असतात. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची तालीम सकाळी मोरीत चालायची. अंगावर थंड पाणी पडलं की आवाज चढायचा. प्रयोगाच्या आधीच शेजाऱ्यांना नाटक पाठ!

यंदा मंडळाने एक जुनं, अभिजात शोकनाटक घेतलं. ज्योतिषी एका सेनापतीला सांगतो की तू राजा होशील. सेनापतीला धीर धरवत नाही. तो म्हाताऱ्या राजाला मारून गादीवर बसतो. मग भर मेजवानीत राजाचं भूत येऊन सिंहासनावर बसतं आणि सेनापती सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करतो.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे दिले. संहिता वाचली आणि वाटलं, हा सेनापती म्हणजे मीच. (निष्कर्ष बरोबर होता, पण वेगळ्या अर्थाने.) अडचण एकच होती. सेनापती बाबा करणार होते. मागच्या वर्षी एका प्रवेशात बाबा संवाद विसरून क्षणभर थांबले होते. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. मला ती संधी वाटली.

दिग्दर्शक किशोर माझा शाळेतला मित्र. त्याला मी एकटं गाठलं.

"यंदा सेनापती मी करतो. बाबांना आता संवाद आठवत नाहीत."

"अन् काकाले सांगन कोन?"

"मी सांगतो ना!"

बाबा आपल्या सागवानी खुर्चीत, पाठीला उशी लावून पेपर वाचत होते. मी म्हणालो, "बाबा, मंडळाच्या कमिटीनं ठरवलं, सेनापतीसाठी तरुण माणूस पाहिजे." (माझं वय सत्तेचाळीस.)

"कमिटीनं?"

"हो. एकमतानं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पातेल्याकडे पाहिलं.

"मंग मले काय देऊन राहिले?"

"म्हातारा राजा. पहिल्या अंकात मरतो, मग भूत होऊन येतो."

बाबांनी पेपरची घडी केली. "मरतो मी. मरायले काही हरकत नाही. पन भूत बनून वापस येनार नाही. तुह्या आजोबानं भूत घराबाहेर काढलं, अन् मी त्याले पावडर लावून स्टेजवर आनू?"

किशोर समजवायला आला. "काका, नाटकच आहे ना!"

"खून केल्यावर मानसाचं मनच त्याले खाते. भूत काहून लागते गा? अन् तो ज्योतिषी बी काढ."

दोघांनाही काढावं लागलं. भुताऐवजी रिकामं सिंहासन ठेवायचं आणि सेनापतीने त्याकडे पाहून घाबरायचं, असं ठरलं. नाटकात आता फक्त महत्त्वाकांक्षा उरली, आणि तिचा साठा माझ्याकडे भरपूर होता.

दुसऱ्या दिवसापासून मोरीतून फक्त पाण्याचा आवाज येऊ लागला. मी आरशासमोर मोठ्याने संवाद म्हणायचो, तेव्हा बाबा खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "भाऊची तब्येत बरी आहे न वं? आवाज नाही येऊन राहिला."

"तब्येत बरी आहे," आई म्हणाली. "आवाजच गेला."

जेवताना ताटं वाजायची, माणसं नाही. मी ती शांतता तालमीत वापरली. किशोर म्हणाला, अपराधी चेहरा छान जमून राहिला!

प्रयोगाच्या दिवशी सिंहासन गेलं. नागपुरात नाटकाचं सिंहासन म्हणजे नवरा-नवरी बसतात ती डेकोरेशनवाल्याची लाल मखमली खुर्ची, आणि दिवस लग्नसराईचे. आमची ठरवलेली खुर्ची दुपारीच कामठीच्या रिसेप्शनला रवाना झाली. किशोर फोनवर ओरडला, "भाऊ, आमचा राजा कशावर बसन?"

"तुमचा राजा तर मरनारच आहे ना! इथं नवरदेव जिवंत आहे!"

बाबा मरण्यासाठी दाढी करायला गेले होते. तेवढ्यात किशोरने आमच्या घरून त्यांची सागवानी खुर्ची उचलली, ऑटोत घातली आणि उशीसकट तिच्यावर लाल कापड टाकलं.

"बाबांना विचारलं?" मी म्हणालो.

"काहून विचारू? रिकामीच तर राहनार आहे!"

संध्याकाळी समाजभवन भरलं. पहिल्या अंकात बाबा शयनगृहाच्या पलंगावर छान मेले. इतके शांत, की मागच्या रांगेत कोणीतरी हळहळलं. माझा खंजीर मात्र म्यानातून एकदम निघाला नाही. बाबांना मरण्यासाठी थोडं थांबावं लागलं.

यापुढचा तपशील आईकडून मिळाला. मेल्यावर बाबांनी राजवस्त्रं उतरवली, स्वेटर घातला, मफलर गुंडाळला आणि पुढच्या रांगेत आईशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. चेहऱ्यावरचा म्हाताऱ्या राजाचा पांढरा रंग तसाच राहिला, कारण तो काढायचं क्रीम माझ्या मेकअपला संपलं होतं. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. निळ्या प्रकाशात रिकामं सिंहासन दिसलं.

"हे तं माही खुर्ची होय," बाबा म्हणाले.

"बसा गुमान."

"पाठ दुखून राहिली वं माही. अन् रिकामीच आहे ते."

मी सिंहासनाकडे पाठ करून पाहुण्यांना पेले देत होतो. ढोलाच्या ठोक्यावर वळायचं, आसन रिकामं दिसायचं आणि घाबरायचं. ठोका पडला. मी वळलो.

आसन रिकामं नव्हतं! निळ्या उजेडात पांढऱ्याफटक चेहऱ्याचे बाबा बसले होते. त्यांनी लाल कापडाखालून उशी काढून पाठीला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझा संवाद होता, "या रक्ताशी माझा काही संबंध नाही!" मी प्रत्यक्षात म्हणालो, "बाबा, कमिटीनं काहीच ठरवलं नाही. मीच मागितला रोल. तुम्हाला आठवत नाही असं मीच म्हणालो!"

कॉलरचा माइक त्या दिवशी पहिल्यांदाच नीट चालला.

"माहीत आहे मले," सिंहासनावरून उत्तर आलं.

"कसं?"

पुढच्या रांगेतून आई उठली. "कमिटीची मीटिंग झाली अन् मी चहा नाही मांडला, असं कधी झालं का रे?"

सभागृह फुटलं. बैठक आमच्याच घरी भरते, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. मी राज्य उलथवलं होतं ते बिनचहाच्या बैठकीत!

हसू ओसरलं, आणि माझ्या लक्षात आलं की पुढचा एकही संवाद मला आठवत नाही. विंगेत किशोर पानं उलटत होता. झालेला प्रसंग त्याला संहितेत सापडत नव्हता. तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "'गादी मऊ आहे, पण टेकवत नाही.' म्हण."

मी म्हणालो. त्यांनी पुढचं सांगितलं. तेही म्हणालो. पण शेवटचं लांबलचक स्वगत माझ्याच्याने होईना. मग बाबांनीच ते बसल्या जागेवरून घेतलं, मोरीतल्या त्या आवाजात. कुठेही अडखळले नाहीत. "ज्याची जागा घेतली, त्याच्याकडेच तोंड करून आता मला जगायचं आहे." संवाद सेनापतीचा होता. बाबांनी तो माझ्याकडे बघून म्हटला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या कोणासाठी होत्या, यावर कोणाचं दुमत नव्हतं.

घरी जाताना खुर्ची माझ्या डोक्यावर होती. वाटेत बाबा एवढंच बोलले, "सांभाळ, उशी पडून राहिली."

दुसऱ्या दिवशी मी चार ओळींची बातमी दिली. मनात अपराधीपणा होता, म्हणून मुद्दाम बाबांच्या नावानिशी लिहिलं, की दुसऱ्या अंकात अवतरलेल्या राजाच्या भुताने प्रेक्षकांची दाद मिळवली. बातमी छापून आली. बाबांनी ती खुर्चीत बसून वाचली.

"भूत? माह्या नावापुढं भूत?"

"बाबा, दाद मिळवली असं लिहिलं ना."

"दुरुस्ती छाप," बाबा म्हणाले आणि आंघोळीला गेले. थोड्या वेळाने मोरीत पाणी पडलं आणि आवाज चढला. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली.

दुरुस्ती मीच लिहिली, मीच तपासली आणि मीच पानात लावली. ती अशी: "समाजभवनातील नाट्यप्रयोगाच्या वृत्तात भूत अवतरल्याचे म्हटले होते. ते भूत नव्हते. ते आमच्या प्रतिनिधीचे वडील असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. सेनापतीची भूमिका नेमकी कोणी केली, याची मात्र खातरजमा होऊ शकलेली नाही."