पहिल्या घराची सवलत

जिन्याखालच्या खोपटात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या माणसाला सगळी आळी 'घडी' म्हणते. वर्तमानपत्रसुद्धा तो कॉलर मोडू नये अशा बेतानं मिटतो. उभं राहून राहून पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. पण बसावं म्हटलं, तर खोपटात बूड टेकायला जागा नाही.

भाड्याच्या खोलीला विटलेल्या बायकोनं अखेर दोन खोल्यांचं जुनं घर हुडकलं. विसार दिला. बँकेनंही कर्जाला मान हलवली. राहिला तो खरेदीवरचा सरकारी कर. त्यासाठी बँक दमडी देत नाही. पण आयुष्यातलं पहिलंच घर घेणाऱ्याला तो माफ होता. त्या एका माफीवर या दोघांचा सगळा डाव उभा होता.

नोंदणी कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दस्तलेखक संगणकात बघत म्हणाला, "मालक, तुमच्या नावावर आधीच घर आहे की."

"माझ्या? अहो, माझ्या नावावर सायकल नाही."

दस्तलेखकानं पत्ता वाचला. घर घडीच्या थोरल्या भावाचं. त्याला कर्ज देताना बँक म्हणाली होती, आणखी एक कमावता माणूस जोडा. थोरला म्हणाला, "कर सही." घडीनं केली. थोरल्यानं पुढं सरकवलेला कागद वाचायचा, म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा; त्यांच्या घरात ही रीतच नव्हती. आपण नुसते जामीन, असं घडी इतकी वर्षं समजत होता. निघाला निम्म्याचा मालक.

"मग एकट्या हिच्या नावावर घेऊ."

"नवरा-बायको एकच धरतात, मालक."

"भांडताना नाही कुणी धरलं एक," बायको म्हणाली. दस्तलेखक हसला. ती हसली नव्हती.

घडी भावाकडं गेला. कराची रक्कम उसनी मागावी, एवढंच मनात. "दादा, तुझ्या घरात माझं नाव आहे म्हणे," असं तोंडातून गेलं मात्र, वहिनीच्या हातातला पाण्याचा तांब्या जागीच थांबला.

"मला वाटलंच होतं, कधीतरी हे येणार."

"वहिनी, वाटा मागायला नाही आलो मी."

"सगळे असंच म्हणत येतात, भावजी."

थोरला फरशीकडं बघत म्हणाला, "नको ना तुला हिस्सा? मग हक्क सोडल्याचं लिहून दे बाबा. हिच्या जिवाला घोर नको."

उसन्याचा विषय घडीनं तसाच गिळला.

दुसऱ्या दिवशी दस्तलेखकाला विचारलं, "हक्क सोडला तर माफी मिळेल?"

"नाही हो. एकदा मालक झालात ते झालात."

तरी घडीनं लिहून दिलं. थोरल्यानं शब्द टाकला होता. कराचे पैसे काही जमेनात. घर विकणाऱ्यानं थोडी कळ काढली, मग दुसरं गिऱ्हाईक बघितलं. विसार बुडाला तो बुडालाच.

खोपटाशी येऊन बायकोनं विचारलं, "केलीत सही?"

"केली."

"या खेपेला वाचलात का तरी?"

घडीनं शर्टाची बाही सपाट केली. "दादा समोर बसला होता," तो म्हणाला.

खोलीच्या मालकानं सकाळीच येऊन भाडं वाढवल्याचं बजावलं होतं. ते सांगायचं तिनं जेवणानंतरवर ठेवलं, आणि धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं त्याच्या पुढ्यात टाकलं.