मामीला आवडलेला सिनेमा

माझा मामा सदतीस वर्षं एका सिनेमागृहाच्या बाहेर पडायच्या दारावर उभा होता. आत सोडायच्या दारावर नव्हे. तिथं तिकीट फाडणारे दोघं होते आणि त्यांचा तोरा वेगळा होता. मामाचं काम म्हणजे खेळ संपला की दाराच्या दोन्ही फळ्या उघडायच्या, जाड काळा पडदा बाजूला करून हुकाला अडकवायचा आणि सगळी माणसं रस्त्यावर नीट उतरेपर्यंत कडेला उभं राहायचं. यात कर्तबगारी ती कसली, असं कुणालाही वाटेल. पण कुठला सिनेमा किती दिवस राहणार हे मामाच्या शब्दावर ठरायचं, आणि म्हणून मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला 'निकाल' म्हणायचे.

त्याची एक पद्धत होती. दारापासून रस्त्यापर्यंत सात पायऱ्या होत्या. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की तीनच्या खेळाला बाहेर पडणारी माणसं त्या सात पायऱ्यांवर काय बोलतात ते तो ऐकायचा. सिनेमाबद्दल बोलली, मग शिव्या का देईनात, तर सिनेमा राहील. "गाडीची किल्ली कुठंय", "भूक लागली", "आज ऊन किती आहे", असं सुरू झालं की पडला. आणि काहीच न बोलता, खाली बघत उतरली, तर अगदीच पडला. मालक वरून खाली यायचे आणि विचारायचे, "काय निकाल?" मामा एका शब्दात सांगायचा.

या पद्धतीतला मुख्य नियम असा की कुणाला काही विचारायचं नाही. "विचारलं की माणूस खोटं बोलतो," मामा सांगायचा. "शहाणं दिसायला बघतो. तिकिटाचे पैसे वाया गेले हे कबूल करायला कुणाला आवडतं? म्हणून नुसतं ऐकायचं." मी आता पोटापाण्यासाठी वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहिते, आणि माझ्या बिरादरीत मामाइतका विचार केलेला माणूस मला भेटलेला नाही. आम्ही दिग्दर्शन, संकलन असले शब्द वापरून पानं भरतो. मामा म्हणायचा, "पडद्यावर सिनेमा एकच असतो गं. पण माणसं घरून काय घेऊन येतात, त्यावर सगळं. बायकोशी भांडून आलेल्याला विनोदी सिनेमा दाखव, तो म्हणणार पांचट आहे. दवाखान्यातून आलेला त्याच सिनेमाला पोट धरून हसेल. आणि नुसत्या वाईट सिनेमावर कुणी फारसं चिडत नाही. बाहेरच्या चित्रात एक दाखवून आत दुसरं निघालं, की मग चिडतात."

एवढं सगळं कळणारा माणूस, आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार. हे मी त्याच्यावरच्या प्रेमापोटी लिहिते आहे, पण रागही आहे, तो लपवत नाही. त्यातला अर्धा माझा माझ्यावरच आहे.

मामी घरी कपडे शिवायची. शाळेचे गणवेश, परकर, उशांचे अभ्रे, जे येईल ते. दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी तिचं मशीन होतं आणि सकाळपासून ते चालू असायचं. शुक्रवारी मात्र ती अडीच वाजता मशीनवर झाकण घालायची, तोंड धुऊन केस नीट करायची आणि तीनच्या खेळाला जायची. मामाच्या नोकरीमुळे घरच्या एका माणसाला त्या खेळाचा पास मिळायचा. कडेची, मागून चौथी खुर्ची. कुठलाही सिनेमा असो, मारामारीचा, रडका, भुताचा, ती जायची. परत आली की झाकण काढून पुन्हा मशीनवर बसायची. कसा होता, काय होता, एक अक्षर नाही. मामाही विचारायचा नाही, कारण नियम म्हणजे नियम. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते, एकोणीस वर्षांची, आणि सिनेमातलं सगळं कळतं अशा थाटात वावरायचे. मामीला काय आवडतं हे विचारावं असं मलाही कधी वाटलं नाही.

त्या वर्षी एक सिनेमा आला. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, कुणाला आठवणार नाही. बाहेरच्या मोठ्या चित्रात एक बाई हातात पिस्तूल घेऊन उभी होती, मागं ज्वाळा. झुंबड उडाली. आत निघालं भलतंच. एक मध्यमवयीन बाई, नवरा वारलेला, घर विकलंय, आणि ती चार दिवसांत एकेक खोली रिकामी करते. बस. पिस्तूल होतं, नाही असं नाही. नवऱ्याच्या कपाटाच्या खणात ते तिला सापडतं, ती ते फडक्यात गुंडाळते आणि भांड्यांच्या खोक्यात ठेवून देते. लोक शेवटपर्यंत वाट बघत राहिले की आता ते उडेल. नाही उडालं. मध्यंतरानंतर शिट्ट्या सुरू झाल्या, पुढच्या रांगेतून कुणीतरी "बाई, मदतीला येऊ का, लवकर आवरेल" म्हणालं, आणि सगळं सिनेमागृह हसलं. मीही हसले. मी त्या दिवशी मैत्रिणींबरोबर वर बाल्कनीत होते.

खेळ सुटला. मामा दाराशी. माणसं चहाच्या, बसच्या, गुडघेदुखीच्या गप्पा मारत उतरली. तरीही मामा लगेच काही बोलला नाही, कारण एक-दोघं पिस्तुलावरून चिडून बोलत होते आणि मामाच्या हिशेबात चिडलेला माणूसही सिनेमाच्या बाजूचा धरायचा. सगळ्यात शेवटी मामी आली. हातात रुमाल, मान खाली. नेहमी ती मामाकडे बघून जरा मान हलवायची. त्या दिवशी ती त्याच्या अंगावरून गेली आणि तो तिला दिसलाही नाही. पायऱ्या उतरून ती रस्त्याला लागली.

मालक आले. "काय निकाल?"

"पडला," मामा म्हणाला. "आमच्या घरचं माणूससुद्धा तोंड न उघडता गेलं."

रविवार कसाबसा काढून सोमवारी मालकांनी सिनेमा उतरवला आणि एक जुना, हमखास चालणारा लावला. मंगळवारी मामीची धाकटी बहीण गावाहून आली. मामीनं तिला दुपारी बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ती तिकीट काढून सिनेमाला निघाली होती, तेही एकदा पाहिलेल्या. अर्ध्या तासात दोघी परत आल्या.

मामा जेवायला घरी आला होता. मामीनं विचारलं, "अहो, तो सिनेमा कुठं गेला?"

"उतरवला. चालला नाही."

"मला आवडला होता."

मामाचा घास हातात राहिला. "तू तर काही बोलली नाहीस."

"बोलता आलं नाही लगेच," मामी म्हणाली. "कुणी ठरवलं, चालला नाही म्हणून?"

"लोकांना आवडला नाही गं. लोकांपुढं कुणाचं चालतं?"

"मी लोकांत नाही का?"

मामा हसला. त्याला वाईट वाटलं होतं आणि काय बोलावं सुचलं नाही की तो हसायचा. एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं होतं, पण तिथं मी बसले होते. मी म्हटलं, "मामी, पण त्यात होतं काय? रटाळ नुसता. पिस्तूलसुद्धा उडत नाही."

मामी मशीनपाशी गेली. दोरा ओठात धरून ओला केला, सुईत ओवला. "नाही उडत," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी ती गेली नाही. शिलाई फार आहे म्हणाली. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी फार होती. चार-पाच आठवड्यांनी मामानं तो पास झाडूवालीला देऊन टाकला. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. पुढं घरात टीव्ही आला तरी त्यावर सिनेमा लागला की मामी म्हणायची, "तुम्ही बघा, मला काय कळतंय त्यातलं." आम्ही बघायचो. असं सव्वीस वर्षं चाललं. सिनेमागृह बंद पडलं, तिथं आता गाद्यांचं दुकान आहे. मामा निवृत्त झाला, मी लेखिका झाले, आणि कुठला सिनेमा लोकांनी बघावा हे दर शुक्रवारी छापून सांगू लागले.

मागच्या हिवाळ्यात मामीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. हो किंवा नाही एवढं मानेनं सांगता यायचं. आम्ही तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, तर कागदावर रेघा आल्या. डॉक्टर म्हणाले, हाताचा प्रश्न नाही, आतून शब्दच सापडत नाहीत त्यांना. मामानं तिचं सगळं हातात घेतलं. भरवायचा, केस विंचरायचा, चादर बदलायचा. दिवसभर तिच्यापुढं टीव्ही लावून चॅनल बदलत राहायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "इतकी वर्षं परक्यांची तोंडं वाचली. हिच्या तोंडावरचं मला काही वाचता येत नाही."

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "तुझ्या ओळखी आहेत. तो सिनेमा मिळेल का कुठं?"

"कुठला?" असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांनी लगेच आठवला याचीच लाज वाटली.

"मिळाला तर काय करशील?"

"तिला दाखवीन. आणि विचारीन काय आवडलं होतं ते. तिला जाऊ द्यायचं नाही मला, हे न कळता." डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची शक्यता सांगितली होती. फोनवर तो रडला. मी मामाला रडताना कधी ऐकलं नव्हतं.

शोधायला दीड महिना गेला. ज्यानं तो सिनेमा काढला होता त्यानं पुन्हा काही काढलं नव्हतं. छापखाना टाकला आणि त्यातच वारला. त्याच्या मुलीकडे एक प्रत होती. तिनं फोनवर आधी विचारलं, "तुम्ही पेपरवाले पुन्हा वाईट लिहिणार आहात का?" नाही म्हटलं. कशाला हवाय ते सांगितलं. ती म्हणाली, "आवडला म्हणून मागणारं हे पहिलंच माणूस."

रविवारी दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. मामानं मामीच्या पाठीशी दोन उशा लावल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि सवयीनं पडद्याकडे पाठ करून तिच्यासमोर खुर्ची मांडली. मी म्हटलं, "मामा, या वेळी सिनेमा बघ." त्यानं खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी ठेवली. त्यानं तो तेव्हाही पाहिला नव्हता. दारावरचा माणूस सिनेमा बघत नाही.

खरं सांगायचं तर सिनेमा मला आताही संथच वाटला. काही जागा चांगल्या होत्या. मामाला दोनदा जांभई आली आणि दोन्ही वेळा त्यानं ती तोंडावर हात ठेवून दाबली. मामी मात्र सबंध वेळ बघत होती. पाणी पुढं केलं तर तिनं मान बाजूला करून पडदा मोकळा करून घेतला. संपला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा मला आठवत होता त्यापेक्षा कितीतरी तरुण दिसत होता.

मामानं तिचा डावा हात हातात घेतला. "ते पिस्तूल ठेवून देते, ते आवडलं होतं?"

मामीनं मान हलवली. नाही.

"शेजारीण निरोप घ्यायला येते ते?"

नाही.

"पडदे काढते तेव्हा त्यांची शिलाई बघत होतीस का तू?"

नाही. पण जराशी हसली, ओठाच्या एका बाजूनं.

मग मी तोंड उघडलं. माझा धंदाच तो. मी म्हटलं, "मला माहितीये. रिकाम्या खोलीत ती मधोमध बसून एकटी जेवते, कुणी हाक मारत नाही, कुणाला वाढायचं नाही. मामी, तुला आयुष्यात असं कधी जेवता आलं नाही, म्हणून ना?" मला खात्री होती. यावर परीक्षण लिहायचं तर मी हेच लिहिलं असतं.

मामीनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, आणि मान हलवली. नाही.

"मग शेवट? कुलूप लावते तो?" मामानं विचारलं. "की ते गाणं? की ती बाईच?" तो एकेक करत गेला, अगदी सुरुवातीच्या पाट्यांपासून, आणि ती नाही म्हणत गेली. एकदा तिनं तोंड उघडलं. मान ताठ झाली, गळ्यातून आवाज आला, पण त्याचा शब्द काही होईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मामानं रुमालानं तिचं तोंड पुसलं. "राहू दे, राहू दे," तो म्हणाला. विचारण्यासारखं त्याच्याकडे आणखी काही उरलं नव्हतं.

तो तिच्या हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं."

मामीनं मान हलवली. हो. त्या दुपारी ती पहिल्यांदाच हो म्हणाली.