गरम हवेच्या पेटीपाशी

कुणाच्या घरी जेवायला जमलो की अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच, "मंजिरी, ते तुझ्या पेटीचं सांग ना!" मग मी सांगते. लोक पोट धरून हसतात. एक किस्सा सांगून होतो तोवर दुसरा आठवतो. किचनच्या ड्रॉवरमधल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखं आहे हे, एवढ्या कधी साठल्या ते कळतच नाही. परतताना गाडीत माझा नवरा समीर विचारतो, "आता एवढी गप्प का?" त्याला काय सांगणार!

*

ही २००६च्या सुमाराची गोष्ट. समीर आयटीत, म्हणून आम्ही इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत. मी नागपूरची बीएएमएस, स्वतःचा छोटासा दवाखाना बंद करून आलेली. इथं त्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं. बऱ्याच खटपटीनंतर एका छोट्या म्युझियममध्ये टेम्पररी जॉब मिळाला. प्रदर्शन होतं जुन्या काळच्या अजब उपचारांचं, आणि मधोमध ही पेटी. लाकडी कपाट, आत स्टूल, स्टूलखाली स्पिरिटचा दिवा. पेशंटनं आत बसायचं, डोकं तेवढं बाहेर. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्याच एका डॉक्टरानं गावोगाव भाषणं ठोकून ती खपवली होती. संधिवात, लिव्हर, अशक्त नसा, उदास मन... सगळ्यावर एकच औषध. गरम हवा आणि घाम!

इंटरव्ह्यूत आमची मॅनेजर हिलरी म्हणाली, "अशा ट्रीटमेंटचा काही अनुभव?"

मी एकदम खुलले. म्हटलं, "हो तर! आयुर्वेदात याला स्वेदन म्हणतात. माझ्या दवाखान्यात पेटी होती. कंबरदुखीचे, आमवाताचे कितीतरी पेशंट मी स्वतः..."

हिलरी माझ्याकडे नीट निरखून बघत होती. मला वाटलं, चला, इतक्या दिवसांनी कुणीतरी ऐकतंय!

"लव्हली," ती म्हणाली. "आणि उंचीही बरोबर आहे. तो ड्रेस तुला अल्टर न करता बसेल!"

*

काम असं. लांब काळा झगा घालून मी त्या डॉक्टरची असिस्टंट व्हायचं. आधी पेटीचे गोडवे गायचे, मग आवाज बदलून म्हणायचं, "सुदैवानं आज आपल्याकडे खरं वैद्यकशास्त्र आहे!" इथं लोकांनी हसायचं.

एकदा सगळे हसले, एक काठीवाले आजोबा सोडून. ते म्हणाले, "लव्ह, त्या खऱ्या वैद्यकशास्त्राची मी गेल्या उन्हाळ्यापासून वाट बघतोय. माझ्या हिपचं ऑपरेशन अजून वेटिंग लिस्टवरच आहे. ही पेटी कुठं मिळते तेवढं सांग."

*

पेटीत बसणारा पेशंट म्हणजे ग्रॅहम. रिटायर्ड बस ड्रायव्हर, आमचा व्हॉलंटिअर. बायको गेल्यापासून घरी करमत नाही म्हणून यायचा. आयुष्यभर स्टिअरिंगवर बसून पाठीचं भजं झालेलं. पेटीत दिवाबिवा काही नव्हता, आत नुसता लाल बल्ब. शो संपला तरी हा बाहेर यायचा नाही.

"ग्रॅहम, ये की बाहेर."

"थांब गं. पाठ जरा मोकळी होतेय."

"अरे, बल्बसुद्धा बंद केलाय मी!"

"बघ ना," ग्रॅहम डोळे मिटून म्हणाला, "बंद असताना एवढा आराम. पेटी चालू असती तर काय झालं असतं!"

मी हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, बस बाबा, बस अजून थोडा.

*

मग लोक खरंच 'आम्हालाही बसवाल का' म्हणून विचारायला लागले. कौन्सिलच्या हेल्थ अँड सेफ्टीचा माणूस आला, त्यानं पेटीवर भलामोठा बोर्ड लावायला लावला. 'या उपकरणाचा वैद्यकीय उपचारासाठी वापर करू नये.'

दुसऱ्या दिवशी एक बाई बोर्ड वाचून थेट माझ्याकडे आल्या. गुडघ्याला पट्टा बांधलेला. हळूच म्हणाल्या, "म्हणजे चालते ना ही? न चालणाऱ्या वस्तूवर कशाला बोर्ड लावतील!"

*

शाळेच्या ट्रिपमध्ये एकदा अन्वी आली. आमच्या मंडळातल्या कुलकर्ण्यांची मुलगी, जन्म इथलाच. बाकीची मुलं ग्रॅहमच्या डोक्याला टिचक्या मारत होती, ही पेटीला हात लावून गंभीरपणे उभी.

"मंजिरीमावशी, माझा आजीचा knees खूप दुखते. ती या बॉक्समध्ये बरी होईल?"

"आजी इकडे येणार आहे का?"

"नाही. Visa refuse झाली. परत पण refuse झाली." जरा विचार करून तिनं विचारलं, "हा बॉक्स पुण्याला post होते का?"

*

सासूबाई नागपूरहून आल्या तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना शो दाखवायला नेलं. पहिल्या रांगेत बसल्या. लोक हसले तेव्हा त्याही हसल्या. मला वाटलं, आवडलं. मी झग्यातच त्यांच्याजवळ गेले.

"कसं वाटलं, आई?"

"छान बोलतेस गं इंग्रजी," त्या म्हणाल्या. मग पेटीकडे बघत राहिल्या. "तुझ्या दवाखान्यातली आपण भंगारवाल्याला दिली. यांनी बघ कशी काचेसारखी पुसून ठेवलीय."

आणि मग, अगदी साधेपणानं, "तिच्यात माझी कंबर बरी झाली होती ना गं? की तेही असंच?"

दिवसातून इतक्यांदा 'हे सगळं खोटं होतं' म्हणून टाळ्या घेतल्या, की कुठलं खरं, हे माझं मलाच सांगता येईना.

*

प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात एक खूप म्हाताऱ्या बाई आल्या. नीटनेटका कोट, हातात मोजे. पूर्ण शो पाहिला, हसल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर माझ्यापाशी आल्या आणि भिंतीवरच्या त्या डॉक्टरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"माझे आजोबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा वेळ त्याच माणसाची टिंगल केली होती. म्हटलं, "सॉरी, मला कल्पना नव्हती..."

"छे, छे. बरोबरच बोललीस तू." त्यांनी पेटीचं दार उघडून आत वाकून पाहिलं. "सगळ्यात पहिली पेटी त्यांनी माझ्या आत्यासाठी केली. लहान होती. सांधे सुजायचे, ताप उतरायचा नाही. रोज स्वतः तिला आत बसवायचे, स्वतः दिवा लावायचे. ती म्हणायची, पपा, आत छान ऊब वाटते."

"मग बऱ्या झाल्या त्या?"

"नाही. त्याच हिवाळ्यात गेली."

पेटीबाहेर येऊन शेजारी उभ्या असलेल्या ग्रॅहमनं डोक्यावरची कॅप काढली.

"आजोबा तिला पुरून आले," बाई म्हणाल्या, "आणि तसेच स्टेशनवर गेले. लीड्सला त्यांचं भाषण ठरलेलं होतं. आजीनं पाय धरले, आज नका जाऊ म्हणून. पण गेले. हॉल खच्चून भरला होता म्हणे. आजी सांगायची, एवढ्या टाळ्या त्यांना आधी कधीच पडल्या नव्हत्या."

मी विचारलं, "कशावर होतं भाषण?"

बाईंनी पेटीचं दार हळूच लावलं.

"'माझी मुलगी कशी बरी झाली.'"