देणाऱ्यांची रांग

"अगं, तू इकडे कुठे? ही देणाऱ्यांची रांग आहे. तू पलीकडे."

कमिटीच्या मॅडमनी माझ्या लेकीचा दंड धरला आणि तिला झाडलोट करणाऱ्या बायकांशेजारी नेऊन उभं केलं. राष्ट्रगीत नुकतंच संपलं होतं. लेक आठ वर्षांची. हातात स्वतः रंगवलेलं कार्ड, वॉचमनकाकांसाठी. पंधरा ऑगस्टला आपल्यासाठी राबणाऱ्या एका माणसाचे आभार मानायचे, हे मीच तिला घरी शिकवलेलं.

हिंजवडीतली सोसायटी, बहुतेक आयटीवाले. मी तिथे हाउसकीपिंगची सुपरवायझर. खुर्च्या, माइक, जिलेबी, सगळं माझ्या यादीनं चालायचं. झेंड्याच्या घडीत पाकळ्या भरून, एका हिसक्यात सुटेल अशी गाठही मीच मारायची.

मुलांना देशप्रेम आणि कृतज्ञता कळावी म्हणून तिथे एक प्रथा होती. प्रत्येक घरातल्या मुलानं स्टाफच्या एका मुलाला घरातलं काहीतरी द्यायचं. ती यादीही माझीच. नाव, वय, कपड्याचं माप. त्यात लेकीचं नाव होतं. मीच लिहिलेलं. मिळतंय तर घ्यावं, एवढाच विचार.

तिला फ्रॉक मिळाला. वापरलेला. देणारी तिच्याच वयाची. फोटो हलला.

"परत घे गं. जरा हसून घे."

फ्रॉक परत गेला, परत आला. लेक हसेना.

"बाई गं, ॲटिट्यूड बघा!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आणि मी, तिची आई, ओरडले, "थँक्यू म्हण की!"

ती म्हणाली. खाली बघून. कार्ड मुठीत चुरगळलेलं.

घरी आल्यावर विचारलं, "आई, मी कुणालाच काही द्यायचं नाही का?"

त्यानंतर तिनं कुणासाठी कार्ड केलं नाही. आता कॉलेजात आहे. राष्ट्रगीत लागलं की ताठ उभी राहते, पण आधी बघते, आपण उभं कुठे राहायचं.

त्या ऑगस्टनंतरच्या जानेवारीत मॅडमचा फोन आला. "ताई, सव्वीस तारखेसाठी मुलांची यादी पाठवा. मापांसकट."

"खुर्च्यांची पाठवते. मुलांची नाही."

"अहो, त्यांचंच नुकसान करताय."

"होऊ दे."

"मग तुमच्या एजन्सीला कळवावं लागेल."

"कळवा."

कळवलं. माझी बदली झाली. नव्या सोसायटीतही तीच प्रथा. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: कामं सगळी करीन. पण तुमच्या मुलांना उपकार शिकवायला आमची मुलं उभी करणार नाही. माझंही नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही.