बकलावा आणि रविवारची यादी

आखातात, रास अल खोरमधल्या एका बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी एचआरला होते. एचआर म्हणजे मी आणि माझा मॅनेजर, दोघंच. व्हिसा, मेडिकल, रजेचे अर्ज आणि कंपनीला नवं काम मिळालं की ऑफिससाठी मिठाई आणणं, ही माझी कामं. मिठाईचं दुकान ठरलेलं होतं. रशिदियात एक म्हातारं लेबनीज जोडपं ते चालवायचं. बायको आत भट्टीपाशी, नवरा काउंटरवर. सगळे त्याला अम्मो म्हणायचे, म्हणजे काका. तो मला बिन्ती म्हणायचा, मुली.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सरळ दोन किलो बकलावा मागितला. त्याने आधी मला खुर्चीवर बसवलं आणि गरम कनाफेची बशी हातात दिली. खाली वितळलेलं चीज, वर भाजलेल्या शेवयांसारखा थर आणि त्यावर पाक. गोडात चीज ही कल्पनाच मला झेपत नव्हती, पण तो समोरून हलेना, म्हणून खाल्लं. बशी रिकामी झाली तेव्हा आणखी मागायची लाज वाटली. चव घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला तो सोडायचाच नाही. मग डबा बांधताना विचारायचा, "आज क्या खुशी?" टॉवर मिळाला, व्हिलांचं काम मिळालं, जे असेल ते मी सांगायचे. तो डब्याला सोनेरी फीत बांधायचा, अभिनंदनाचं सोनेरी स्टिकर लावायचा आणि म्हणायचा, "मबरूक," म्हणजे अभिनंदन. त्या दिवसांत मी जवळजवळ दर आठवड्याला जायचे.

२००८ च्या दिवाळीनंतर एकेक साइट थांबत गेली. कामावरून काढायच्या लोकांच्या पहिल्या यादीत आठ नावं होती. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. लोकांनी चोरासारखं मागच्या दाराने जाऊ नये, छोटासा निरोपसमारंभ करू, मिठाई आणा, असं त्याने मला सांगितलं. मी अम्मोकडे गेले. काय खुशी, असं त्याने विचारलं तेव्हा ऑफिसची पार्टी आहे म्हणाले. त्याने स्टिकर लावलं. ते मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून नखाने खरवडून काढलं.

मग दर रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, यादी निघायला लागली. दुकानातले ट्रेही अर्धेच भरलेले असायचे. चौथ्या की पाचव्या खेपेला अम्मोने विचारलं, सगळ्यांचं काम बंद पडलंय आणि तुमच्याच कंपनीला एवढं काम कसं मिळतंय. मग मी खरं सांगितलं. त्याने हातातली फीत खाली ठेवली.

"इस के लिए मीठा नहीं, बिन्ती," तो म्हणाला. "हमारे यहाँ कोई मरता है तो कड़वी कॉफी देते हैं."

डबा मात्र त्याने दिला, नुसता, फीत न बांधता. हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, दुसरं काय देणार आपण त्यांना. म्हणून मी आणत राहिले.

आमच्या ऑफिसात बांधकामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशेब बघणारे एक मराठी क्वांटिटी सर्व्हेयर होते. इंटरनॅशनल सिटीत आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. मी रोज त्यांच्या गाडीतून ये-जा करायचे. त्यांची बायको माझी मैत्रीण होती, आमच्या दोन घरांत भाजीच्या वाट्या सतत इकडून तिकडे जायच्या. एका बुधवारी दुपारी मॅनेजरने पुढची यादी टाइप करायला दिली. तिसरं नाव त्यांचं होतं. रविवारपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, असं त्याने मला दर वेळेप्रमाणे बजावलं.

मी त्यांच्याच गाडीतून घरी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गाडी अम्मोच्या दुकानापाशी थांबवली. त्यांच्या मुलीला हव्या त्या शाळेत अ‍ॅडमिशन मिळाली होती. मी गाडीतच बसते म्हटलं, पण ते ऐकेनात. आत गेल्यावर त्यांनी एक किलो बकलावा सांगितला, आणि अम्मोला मोठ्या कौतुकाने म्हणाले, ये मॅडम और मैं एक ही कंपनी में हैं. अम्मो पिस्त्याचे तुकडे डब्यात रचत होता. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काचेतल्या ट्रेकडे बघत राहिले. त्याला सगळं कळलं, हे मला वर न बघताही समजलं. त्याने डबा पुरा भरला, आधी कधी भरला नव्हता एवढा, आणि त्या दिवशी मबरूक म्हणाला नाही. पहिला तुकडा त्यांनी मला दिला. मी तो खाल्ला.

शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. मला बरं नाही असं सांगता आलं असतं, पण मी गेले. मुलगी नवं दप्तर घेऊन आली आणि म्हणाली, "आंटी, आय विल गो बाय स्कूल बस." मैत्रिणीने वरणावर तूप वाढलं, पोळीला आग्रह केला. त्या दोघांनी फर्निचरचं काहीतरी ठरवलं होतं, मोठा सोफा घ्यायचा होता. मी एका शब्दाने त्यांना थांबवू शकत होते. नोकरी जाईल ही भीती होती, पण तेवढंच नव्हतं. मला ते घर तसंच, आहे तसं, आणखी दोन दिवस बघायचं होतं.

रविवारी त्यांना आत बोलावलं. व्हिसा कॅन्सलेशनच्या कागदांवर सही कुठे करायची ते मी पेन्सिलने खुणा करून दाखवलं. त्यांनी सगळ्या सह्या केल्या आणि मला थँक्यू म्हणाले. नोटिशीचा महिना होता. गाडी विकली जाईपर्यंत ते मला रोज नेत-आणत राहिले.

मी त्या दुकानात परत गेले नाही. उन्हाळ्यात ते बंद झाल्याचं आमच्या ड्रायव्हरकडून कळलं. म्हातारा-म्हातारी कुठे गेली, त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी कंपनीच बंद झाली आणि आम्ही पुण्याला परतलो.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती मैत्रीण भेटली. तिच्या नवऱ्याला पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही, असं तिच्या बोलण्यातून कळलं. ते घरीच असतात, बाहेर पडायला मागत नाहीत, लग्नालाही आले नव्हते. मुलीचं शिक्षण कसंबसं झालं. मग ती जरा जवळ सरकली.

"तुला आधी माहीत होतं का गं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आम्हालाही त्याच दिवशी कळायचं."

तिने मान हलवली. "मी ह्यांना तेच सांगते. हे म्हणतात, तिला माहीत असणारच. मी म्हणते, ती आपल्याकडे दोन दिवस आधी जेवली, ती तशी नाही."

मंगलाष्टकं सुरू झाली. तिने माझ्या ओंजळीत थोड्या अक्षता ओतल्या आणि आम्ही शेजारी उभ्या राहिलो.