माशी कुठल्या गावची?

वाळूमाशा पकडायच्या नोकरीत माशा कमी आणि किस्सेच जास्त हाती लागतात. माशा निदान बाटलीत मावायच्या.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सातारा-सांगलीकडे कुठल्या गावात वाळूमाशीची कुठली जात आहे आणि त्यांतली ताप पसरवणारी कोणती, हे आमचे डॉक्टरसाहेब शोधत होते. माशी तिळाएवढी. गोठ्याच्या भेगेत बसणार. रबरी नळीचं एक टोक तोंडात धरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या काचेत माशी ओढून घ्यायची. मधे जाळी असते, पण ती लांबून दिसत नाही.

कराडजवळ एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "सायेब, रेशन पुरत न्हाई व्हय? आवं, घरात भाकरी हाय."

* * *

हात पोचत नाही तिथं आम्ही एरंडेल लावलेले कागद टांगायचो. माशी चिकटते. जतकडं एका धनगराच्या वाड्यावर टांगले आणि सकाळी जाऊन बघतो तर एकही कागद जाग्यावर नाही.

"शेरडांनी खाल्लं," धनगर म्हणाला.

"मग शेरडं कुठं आहेत?"

"त्यांचं इचारू नगा. फाटंपासनं वड्यालाच हायती."

* * *

मेढ्याजवळच्या वाडीत हवालदार तात्या होते, फौजेतून पेन्शनीत आलेले. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला. पण खंडाळ्याचे व्याही अडून बसले होते : "तुमच्यात तापाची माशी हाय. सून धाडणार न्हाई." माशी सापडेल त्या गावाला फवारणी मिळणार होती; फवारलं की माशी संपली आणि व्याह्यांची हरकतही. म्हणून आमची वाट सगळ्यात जास्त तात्याच बघत होते.

माझं एकच चुकलं. 'सोमवारी तपासणी आहे' असा निरोप धाडला. तपासणी म्हटल्यावर फौजी माणूस गप्प बसतोय होय? सोमवारी बघतो तर वाडीतली भेग न् भेग लिंपलेली, गोठे सारवलेले, वाटेवरच्या दगडांना चुना, बैल धुऊन एका रांगेत उभे.

दिवसभर शोधून एकही माशी मिळाली नाही. तात्यांनी सॅल्यूट ठोकला. "सायेब, एक शिल्लक ठेवली न्हाई."

"मग फवारू कशावर?"

तात्यांचा हात कपाळावरून खाली येईना.

* * *

आठवड्यानं तात्या बाटलीत माशी घेऊन हजर. "आमच्याच गोठ्यात गावली."

माशीची जात नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिचा घसा मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. साहेबांनी बघितला. "तात्या, ही तर माणदेशातल्या उंदराच्या बिळातली. मेढ्यात कशी?"

तात्या सावधान उभे राहिले. "बदली झाली, सायेब."

साहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. मग स्वतः सर्व्हिस मोटारीनं खंडाळ्याला गेले आणि व्याह्यांना म्हणाले, "तात्यांच्या वाडीत माशी नाही. मी शोधलंय."

"धाडतो," व्याही म्हणाले. "पर येक जरी दिसली, तर सून त्याच पावली माघारी."

* * *

नातू झाला. बाळ-बाळंतीण ठणठणीत. बारशाला आम्हालाही बोलावणं होतं. पाळण्याची दोरी हलणार, एवढ्यात घोंगड्यावर बसलेले व्याही पोटरीकडं बघून म्हणाले, "ही काय बसलीया?"

बायका थांबल्या. तात्यांचं तोंड चुन्यासारखं झालं.

साहेब उठले. खिशातली काचेची नळी अलगद पोटरीवर ठेवली, माशी आत घेतली, उजेडाकडं धरली. मायक्रोस्कोप साताऱ्याला होता.

"वाळूमाशीच हाय न्हवं?" व्याह्यांनी विचारलं.

"वाळूमाशीच," साहेब म्हणाले. "पण खंडाळ्याची."