रात्रभर एका ताटलीत

हिरवा गाऊन, हिरवी टोपी, तोंडावर मास्क. खाटेवर अशा वेशात पडलेल्या बाईच्या पायांवर मी चादर ओढली, उशाशी बसलो आणि म्हणालो, "लई दुखतंय का गं?"

बाईनं डोळे उघडले. "पावणं, तुमची पलीकडं असंल. आमचं मालक चहा आणाय गेल्यात."

पलीकडच्या खाटेवरून तशाच वेशातली बायको माझ्याकडं बघत होती. बीजांडं काढून नुकतीच भुलीतून उठलेली. नवऱ्यानं आपल्याला ओळखलं नाही, यावर बोलायचं त्राणही तिच्यात नव्हतं. नशीब माझं.

मुलासाठीचा हा आमचा शेवटचा प्रयत्न, असं ठरवूनच आलो होतो. रोज संध्याकाळी मी तिच्या पोटात सुई टोचायची आणि तिनं भिंतीकडं बघायचं, हे दोघांनाही नको झालेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "यांची बीजांडं आणि तुमचे शुक्राणू रात्रभर एका ताटलीत ठेवले होते. पण एकही शुक्राणू चिकटला नाही. ओळखच पटली नाही."

"ओळख?"

"हो. आधी बीजांडाच्या बाहेरच्या कवचाला शुक्राणू चिकटावा लागतो. तिथून आत शिरला, की त्याच्या डोक्यावरचं एक प्रथिन बीजांडाच्या पृष्ठभागावरचं प्रथिन पकडतं. ती दोन जुळली तर पुढं सगळं. इथं पहिल्याच दाराशी अडलं."

"मग चुकलं कुणाचं?"

"ते सांगणारी तपासणी आमच्याकडं नाही. रिपोर्ट दोघांचेही चांगले आहेत."

रिपोर्ट चांगले! माझं डोकंच फिरलं. शिरोलीच्या फौंड्रीत साच्याचे दोन भाग जुळले नाहीत, तर कुठला सरकलाय हे मी बोट ठेवून दाखवतो. इथं बोट ठेवायचं कुठं? आणि कोल्हापूरच्या माणसाला ओळख निघेना? हुपरीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्याला "पावणं, गाव कुठलं?" एवढं विचारलं, तर हुपरी यायच्या आत त्याची मावशी माझ्या चुलत्याच्या साडूच्या घरात दिलेली निघते. आणि हे माझे बहाद्दर! रात्रभर एका ताटलीत राहिले आणि एकानंसुद्धा गाव विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी एकच शुक्राणू बारीक सुईत घेऊन थेट बीजांडात सोडू. मग ओळखीवाचून अडणार नाही. होईलच असं नाही सांगत. आणि इंजेक्शनं पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागतील."

मी बायकोला घेऊन उठलो. बाहेर येऊन मी स्कूटरला तीन-चार किका मारल्या. तीही सुरू होईना. मग सगळा राग तिच्यावरच काढला. स्कूटरवर. "वळख न्हाय, पाळख न्हाय, आन् सुईनं आत ढकलायचं? ही काय रीत झाली? बास झालं आता. परत तुला टोचायचं न्हाय मला."

बायकोनं पदर खोचला.

"अहो, मला बघाय आलतासा तवा उंबऱ्याभाईर चप्पल काढत किती येळ हुबा हुतासा? तुमच्या मामानं पाठीत धपाटा घालून आत ढकललं, म्हणून झालं की लगीन! जावा, इंजेक्शनं कवापास्नं सुरू करायची, इचारून या. आन् येताना परत दुसरीच्याच उशाशी बसू नगा. मी हितं हाय."